एरंडेलाचा मल्चिंग पेपर मातीत खरंच विरतो का?

कादवाकाठ

रामराम मंडळी. टोमॅटो लावायचाय. बेड पडलेत, ठिबकच्या लॅटरल अंथरून झाल्यात, रोपवाटिकेतून फोनावर फोन येतायत आणि मी अडकलोय मल्चिंग पेपरावर, म्हणजे बेड झाकायच्या प्लास्टिकवर.

जमीन दिंडोरी तालुक्यात, मध्यम काळी. दरवर्षी २५ मायक्रॉनचा साधा सिल्व्हर-ब्लॅक पेपर टाकतो. पीक चांगलं येतं, तण दबतं, पाणी वाचतं, त्यात काही म्हणणं नाही. वैताग शेवटी. तोडे संपले की पेपर काढायला मजूर तयार नसतो. ओढला की फाटतो, मातीत दाबलेली कड तिथंच राहते, आणि रोटर फिरला की तिच्या चिंध्या सगळ्या वावरात. जो निघतो त्याचा ढीग बांधावर. भंगारवाला मातीने भरलेला पेपर घेत नाही, मग कुणी पेटवून देतं, कुणी ओहोळात लोटतं.

आता एक विक्रेता आलाय. म्हणतो, हा पेपर एरंडेल आणि सोयाबीन तेलापासून केलाय, पीक संपलं की सरळ रोटर मारा, दोन महिन्यांत माती होते, वर खतही होतं. भाव साध्यापेक्षा बराच जास्त. हातभर नमुना देऊन गेलाय. पातळ आहे, हाताला मऊ लागतो, कुरकुरत नाही.

वनस्पती तेलाचं प्लास्टिक मातीत नक्की कसं विरतं? आणि आपल्या मातीत, आपल्या हवेत विरतं का? माहीत असेल त्यांनी सांगा, वापरलं असेल त्यांनी तर सांगाच.

निफाडकर

वर खतही होतं म्हणे. दूध किती देतो तेही विचारून घ्या.

येवलेकर

आमच्याकडे मागच्या पिढीपासूनचा पेपर वावरात आहे. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तुकडे भेगांतून खाली जातात, पावसाळ्यात जमीन फुगली की परत वर. काळ्या मातीचा हा खेळ चालूच असतो. विरणारा पेपर खरा असेल तर मीही घेईन, पण 'विरतो' म्हणून आणलेला एक पेपर आमच्या चुलतभावाने वापरला होता. त्याचे इतके बारीक तुकडे झाले की वेचताही येईनात. साधा निदान ओढून काढता तरी येतो.

रसायनी

कादवाकाठ दादा, मी सातपूरला प्लास्टिकच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

आधी 'कशापासून केला' हे बाजूला ठेवा. विक्रेत्यांना तेच सांगायला आवडतं, कारण ते ऐकायला छान वाटतं. विरणं त्यावर ठरत नाही.

एरंडेलच घ्या. त्यातली ८५ ते ९० टक्के स्निग्धाम्लं एकाच जातीची, रिसिनोलेइक आम्ल. ते एका रीतीने तोडलं की ११ कार्बनचा तुकडा मिळतो आणि त्यातून नायलॉन-११ बनतं. ट्रकच्या एअर ब्रेकच्या नळ्या याच्या करतात. ही नळी अस्सल एरंडाची, पण वावरात पुरा आणि नातवाला उकरून काढायला सांगा. आता तेच एरंडेल कॉस्टिक सोड्याबरोबर चांगलं तापवलं की सेबॅसिक आम्ल मिळतं, १० कार्बनचं. ते ग्लायकॉलला जोडून पॉलिएस्टर करता येतं, आणि तसल्या पॉलिएस्टरला मातीतले जीव खातात. बी एक, तेल एक, गत दोन.

प्लास्टिक म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी, फरक त्या साखळीच्या सांध्यात आहे. दुसऱ्या प्लास्टिकमध्ये ठरावीक अंतरावर एस्टरचा सांधा असतो, तो पाण्याने आणि एन्झाइमने, म्हणजे मातीतले जीव सोडतात त्या पाचक पदार्थाने, तुटतो. नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की एन्झाइमला सांध्यापर्यंत शिरताच येत नाही. साध्या पॉलिथिनमध्ये तर तोडायला सांधाच नाही, सलग कार्बनला कार्बन. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनतं. वनस्पती तेलापासूनही करता येतं. पण ते पॉलिथिनच, मातीला त्याचं मूळ गाव कळत नाही.

उलटंही खरं आहे. पीबीएटी नावाचं पॉलिएस्टर बहुतांशी खनिज तेलातून येतं, तरी मातीत विरतं. आज बाजारातल्या विरणाऱ्या पेपरांत तेच बऱ्याचदा असतं, सोबत स्टार्च नाहीतर पीएलए, म्हणजे मक्यासारख्या पिकाच्या साखरेपासून केलेलं पॉलिएस्टर.

निफाडकर

ताई, ही माहिती विक्रेत्याला द्या, तो पुढच्या गावात वापरेल. पण तेलाचं प्लास्टिक म्हणजे शेवटी काय हो? तेल तर वाहतं.

रसायनी

घरातला तेलाचा डबा बघा. बाहेरून ओघळलेलं तेल काही महिन्यांनी चिकट, पिवळट होतं, नखाने खरवडावं लागतं. ते पॉलिमरच आहे. तेलातल्या दुहेरी बंधांवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन रेणू एकमेकांना बांधले जातात. जवसाच्या तेलात असे बंध भरपूर, म्हणून ते लाकडावर वाळून कडक थर धरतं.

तर 'तेलाचा पेपर' चार-पाच तऱ्हांनी निघतो.

तेलाचेच रेणू एकमेकांना बांधून केलेली फिल्म. यात ग्लिसरॉल आणि स्निग्धाम्लांमधले एस्टर सांधे शाबूत असतात, त्यामुळे मातीतल्या लायपेजना, म्हणजे तेल फोडणाऱ्या एन्झाइमना, काम असतं. पण रेणू जितके आडवेतिडवे घट्ट बांधले तितकं विरणं मंद. आणि मुळात तेलकट पृष्ठभागावर पाणी ठरत नाही, एन्झाइम तर पाण्यातूनच येणार.

एरंडेल आणि आयसोसायनेट नावाचं रसायन यांचं पॉलियुरेथेन, फोमच्या गादीच्या जातीचं प्लास्टिक. हळूहळू सुटणाऱ्या खतांच्या दाण्यांवरच्या लेपासाठी यावर बरंच संशोधन झालंय. एस्टर सांधे तुटतात, युरेथेनचे रेंगाळतात.

तेलातून काढलेल्या आम्लांचं पॉलिएस्टर, वर सांगितलंच. इटलीत सूर्यफूल आणि कार्डूनच्या तेलातून अॅझेलेइक आम्ल काढून तसं प्लास्टिक करतात आणि तिकडे ते टोमॅटोच्या मल्चिंगलाही वापरतात. कार्डून म्हणजे आपल्या करडईच्या नात्यातलं काटेरी झाड.

मग पीएचए. यात माणूस प्लास्टिक बनवत नाही, जिवाणू बनवतात. त्यांना तेल किंवा साखर भरपूर आणि नत्र कमी दिलं की ते अंगात चरबीसारखं हे पॉलिएस्टर साठवतात. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेमॉइन यांनी पहिल्यांदा ओळखलं. जिवाणूंचाच साठा असल्यामुळे मातीतल्या इतर जिवाणूंकडे तो फोडायचं हत्यार आधीपासून असतं. या सगळ्यांत मातीत विरायला सगळ्यात भरवशाचं हेच, आणि महागही हेच.

पाचवी तऱ्हा म्हणजे चलाखी. सोयाबीन तेलाला इपॉक्सी गट जोडून केलेला एक मऊपणा आणणारा पदार्थ असतो, पीव्हीसीत सर्रास घालतात. तो थोडा घालायचा आणि 'सोयाबीनपासून बनवलेला' म्हणायचं. माती तेवढंच तेल खाते, उरलेला पेपर ठिसूळ होऊन चुरा होतो. येवलेकर भाऊंच्या चुलतभावाकडे नक्की काय होतं ते पेपर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण आणखी एक जात आहे, ऑक्सो-डिग्रेडेबल. साध्या पॉलिथिनमध्ये मँगनीज, लोह, कोबाल्ट यांचे क्षार घालतात, उन्हात त्याचा भुगा होतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार जुलै २०२१ पासून ते बाजारातून बाद केलं.

येवलेकर

भुगाच झाला होता. पण मग भुगा आणि विरणं यात फरक कसा करायचा? डोळ्याला तर दोन्हीकडे पेपर दिसेनासा होतो.

रसायनी

लाखातला प्रश्न. विरणं म्हणजे पेपरातला कार्बन जिवांच्या पोटात जाणं.

जिवाणू आणि बुरशीला एवढी लांब साखळी गिळता येत नाही. म्हणून ते एन्झाइम बाहेर सोडतात. ही हत्यारं प्लास्टिकसाठी तयार झालेली नाहीत. पानाच्या वरची जी चकाकती त्वचा असते तिच्यात क्युटिन असतं, तेही एक नैसर्गिक पॉलिएस्टर, स्निग्धाम्लांचंच. पानात शिरणाऱ्या बुरश्या ते क्युटिनेजने फोडतात. मातीत पडलेला पाचोळाही तसाच फुटतो. आपला पेपर त्या हत्याराला पानासारखा वाटला तर काम झालं.

एन्झाइम पृष्ठभागावरून तासत जातं, पेपर पातळ होतो, खड्डे पडतात, भोकं पडतात. सुटलेले छोटे तुकडे पाण्यात विरघळून पेशीत जातात. तिथं काहींचा जाळून कार्बन डायऑक्साइड होतो, काहींचं अंग बनतं. २०१८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पीबीएटीच्या फिल्ममध्ये खुणेचा कार्बन-१३ (किंचित जड, वेगळा ओळखू येणारा कार्बन) घातला, ती मातीत ठेवली, आणि तोच कार्बन बाहेर पडलेल्या वायूतही मोजला आणि बुरशीच्या तंतूंतही पाहिला. 'दिसेनासा झाला' याच्या पलीकडचा पुरावा तो हा.

म्हणून खरी चाचणी डोळ्याने होत नाही. बंद भांड्यात माती आणि पेपर ठेवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. मल्चिंग पेपरासाठी युरोपचं मानक ईएन १७०३३ आहे, २०१८ चं. मातीत, साधारण २५ अंशांना, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. बघा, जगातलं कडक मानक दोन वर्षं देतंय आणि तुमचा विक्रेता दोन महिने.

निफाडकर

आता खताचा हिशोब मी करतो, रिकामाच बसलोय, बागेत पाऊस पडतोय.

एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पेपर झाकतो साठेक टक्के, धरा २,४००. जाडी १५ मायक्रॉन, घनता सव्वा, म्हणजे चौरस मीटरला १९ ग्रॅम. एकराला झाले ४५ किलो. त्यात कार्बन निम्म्याहून थोडा जास्त, २५ किलो धरू. आता वरच्या १५ सेंटिमीटरातली एका एकराची माती साधारण ८०० टन. आपला सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का आला तरी ४ टन कर्ब तिथं आधीच बसलाय. त्यात २५ किलो. नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश शून्य. शेणखताची अर्धी ट्रॉली याच्यापेक्षा जास्त देते.

उलट त्याच हिशोबाने २५ मायक्रॉनचं साधं पॉलिथिन एकराला ५५ किलो होतं. दर हंगामाला. त्यातलं दहावा भाग वावरात राहिला तरी साडेपाच किलो. खत सोडा, हा आकडा विक्रेत्याने सांगितला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

कादवाकाठ

निफाडकर काका, हिशोब वहीत उतरवून घेतला. ताई, पण आपल्याकडे २५ अंश आणि सारखी ओल कुठून आणायची? माझं पीक डिसेंबरात संपतं.

रसायनी

प्रयोगशाळेतला आकडा इथंच घसरतो. मातीतल्या जिवांना वाफसा लागतो. चिखल झाला तर हवा संपते आणि पीबीएटीसारख्या पेपराचं काम जवळजवळ थांबतं. माती वाळली तर एन्झाइम हलतच नाही. थंडीत सगळं मंदावतं, ढोबळमानाने दहा अंश उतरले की वेग निम्मा.

डिसेंबरात गाडलात तर निफाडकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. मार्च ते मे मातीला ऊब भरपूर पण पाणी नाही. वावर पड ठेवलं तर पेपर जूनपर्यंत जवळपास तसाच पडून राहील, खरं काम पहिल्या पावसानंतर. त्याच वावरात उन्हाळ कांदा घेतलात तर एप्रिलपर्यंत ओल मिळते, तेवढं पुढे सरकतं. आपल्या काळ्या मातीचा सामू आठाच्या आसपास, एस्टर सांध्यांना ते अडचणीचं नाही. अडचण कमी सेंद्रिय कर्बाची. कर्ब कमी तिथं खाणारी तोंडंही कमी. शेणखत घातलेल्या वावरात पेपर लवकर जातो.

पेठरोड

मी सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरी करतो, मागच्या हंगामात असला पेपर थोड्या बेडांवर टाकला होता. लाल माती, पाऊस तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. अनुभव सांगतो.

मातीत दाबलेली कड आधी कुजते. वरचा पेपर चकाचक, आणि जमिनीला जिथं टेकतो तिथं ओळीने फाटतो. मग वारं शिरतं आणि सगळा पेपर फडफडतो. फळ असताना हे झालं तर ताप. त्यामुळे कड खोल दाबा, वर माती जास्त ओढा. ताणून बसवू नका, साध्या पेपरासारखा ताणला की भोकापासून चिरत जातो.

पावसाळ्यानंतर उकरून पाहिलं तर नखाएवढे तुकडे होते, बोटात चुरले की लिबलिबीत. वरचा उन्हात राहिलेला भाग मात्र जास्त टिकला. उलटं व्हायला पाहिजे होतं ना? ऊन तर प्लास्टिक खातं.

रसायनी

ऊन साखळी तोडतंही आणि जोडतंही. पीबीएटीमध्ये बेंझिनची वलयं असतात, उन्हाने तिथं साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. पेपर ठिसूळ होतो पण एन्झाइमला आत शिरायला जागा कमी. काळ्या पेपरातला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी भुकटी, हे बरंच अडवतो. म्हणून असा पेपर पीक संपल्यावर उन्हात पडू देऊ नये, लगेच गाडावा.

घंटागाडी

शहरातून एक प्रश्न. मी गंगापूर रोडला राहते, गच्चीवर कंपोस्ट करते. 'कंपोस्टेबल' छापलेल्या कचऱ्याच्या पिशव्या ड्रममध्ये घातल्या. भाजीचं खत झालं, पिशवी बऱ्यापैकी शाबूत. मग हे प्रमाणपत्र वगैरे सगळं खोटं का?

रसायनी

खोटं असेलच असं नाही. कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, त्यामागचं मानक आयएस/आयएसओ १७०८८. ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, जिथं ढीग ५८ अंशांच्या आसपास तापतो. पीएलए साठेक अंशांजवळ मऊ पडतं, तेव्हाच पाणी आत शिरून साखळी तुटायला लागते. तुमचा गच्चीवरचा ड्रम तिथवर तापत नाही, आणि शेतातली माती तर कधीच नाही. त्यामुळे कंपोस्टचं प्रमाणपत्र दाखवून मल्चिंग पेपर विकत असेल तर समजून घ्या, परीक्षा वेगळ्याच विषयाची दिलीय.

कादवाकाठ दादा, नमुना आहे ना हातात? दोन गोष्टी घरी करा. पेपराचा छोटा तुकडा थेंबभर साबण घातलेल्या पाण्यात पूर्ण भिजवून बुडवा, बुडबुडे झटका. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीबीएटी, पीएलए, पीएचए सगळी बुडतात. मग मेडिकलमधून टिंक्चर आयोडिन आणून चोळा, निळंकाळं झालं तर स्टार्च आहे. पेपर काळा असेल तर डाग दिसणार नाही, चंदेरी बाजूला किंवा ओल्या कापसावर घासून बघा.

कादवाकाठ

केलं. बुडाला. कापूस निळाकाळा. घरातले सगळे गोळा झाले होते बघायला. म्हणजे खरा?

रसायनी

म्हणजे निव्वळ पॉलिथिन नाही, आणि स्टार्च आहे. एवढंच. पॉलिथिनमध्ये चुनखडीची भुकटी भरपूर घातली की तेही बुडतं, आणि पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळायची युक्ती १९७० च्या दशकापासूनची आहे. स्टार्च खाल्लं जातं, पॉलिथिनची जाळी उरते. दुसरा तुकडा हलक्या व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे उसळले तर चुना आहे. नाही आले तरी निश्चिंत होऊ नका, चुना प्लास्टिकच्या आत दडलेला असू शकतो.

आणि विक्रेत्याकडे एकच कागद मागा, ईएन १७०३३ किंवा मातीतल्या आयएसओ १७५५६ चाचणीचा अहवाल, त्याच पेपराचा, त्याच जाडीचा.

निफाडकर

आणि त्यात एरंडेल कुठं बसलं तेही विचारा. मला अजून सापडलेलं नाही.

कादवाकाठ

बुडबुडे आले नाहीत. विक्रेत्याला फोन केला. आधी 'सरकारमान्य आहे' म्हणाला, मग व्हॉट्सअॅपवर कागद पाठवला. १७०८८ चा निघाला. ताईंनी सांगितलेलं त्याला सांगितल्यावर म्हणतो, कंपनीकडून मातीचा अहवाल मागवतो. एरंडेलाबद्दल म्हणाला, 'काही प्रमाणात'.

ठरवलंय असं: चार बेडांवर हा टाकतो, बाकी साधाच. अहवाल आला तर पुढच्या वर्षी बघू. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत तुकडे भरून वीतभर खोल पुरतो, एक पिशवी शेणखताच्या बेडात, एक बिगरशेणखताच्या.

येवलेकर

एक तुकडा साध्या पॉलिथिनचाही पुरा, शेजारीच. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि वजन करताना माती नीट धुऊन वाळवा, आमच्या चिकण मातीत पेपराचं वजन वाढलेलं दिसेल.

पेठरोड

उरलेला रोल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. गोदामातल्या दमट हवेतच त्याचं विरणं सुरू होतं, वर्षाने उलगडला की घड्यांवर तुटतो. आणि रोटर मारण्याआधी लॅटरल गोळा करा हे सांगायला नको.

एक विचारू का? टोमॅटो बांधता कशाने?

कादवाकाठ

सुतळीने. तीच, पिवळी-निळी प्लास्टिकची. तार-काठी काढताना कापून खाली टाकतात मजूर.

निफाडकर

घ्या. चार बेड विरणार आणि सुतळी राहणार.

येवलेकर

तागाची मिळते. पिंपळगावला विचारा, मात्र पावसात भिजली की सैल पडते, दुसऱ्यांदा ताण द्यावा लागतो.

कादवाकाठ

त्या चार बेडांपुरती तागाची आणतो, भाव काढून इथंच टाकतो. रोपं उद्या येतायत, आज पेपर अंथरून भोकं पाडायचीत. पिशव्या उकरल्या की फोटो देईन.